बांबूचे नगर आणि मातीचे रंग



मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत एका बंगाली चित्रकाराचा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारील तर ते साहजिक आहे. स्मरणिकेत देणगीदारांची नावे असावीत, जमाखर्च असावा, देवस्थानची माहिती असावी, ही रीतच आहे. परंतु जीर्णोद्धार म्हटला की त्यात देणारा हात जसा असतो तसाच घडविणारा हातही असतो. पाथरवट, गवंडी, सुतार, रंगारी ह्यांच्या हातांवाचून कोणतेही देऊळ उभे राहिलेले नाही. ह्या घडविणाऱ्या हाताने लोकांची सेवा कशी करावी, ह्याचा एक मोठा धडा आपल्याच महाराष्ट्रात, खानदेशातील फैजपूर गावी, १९३६ साली घालून दिला गेला. तो घालून देणारे चित्रकार म्हणजे नंदलाल बोस. शांतिनिकेतनातील मंडळी त्यांना ‘मास्टरमोशाय’ म्हणत, गांधीजी ‘नंदबाबू’ म्हणत. त्यांची हकीकत आपल्या गावच्या मंडळींना, विशेषतः तरुण मुलांना, ठाऊक असावी, म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

बालपण आणि शिक्षण

नंदलाल बोस ह्यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात, हवेली खरगपूर ह्या लहानशा गावी झाला. वडील दरभंगा संस्थानच्या नोकरीत होते. आई घरच्या घरी सुबक बाहुल्या व खेळणी करीत असे. गावच्या कुंभारवाड्यात मूर्ती घडताना पाहणे, त्या पाहून स्वतः माती मळणे आणि दुर्गापूजेच्या मांडवाच्या सजावटीत हात घालणे हा ह्या मुलाचा छंद होता. म्हणजे चित्रकलेचा पहिला पाठ त्यांनी शाळेत न गिरवता कुंभाराच्या ओट्यावर गिरविला. पुढे शिक्षणासाठी कलकत्त्यास गेल्यावर कॉलेजच्या पुस्तकांत त्यांचे मन रमेना. अखेरीस १९०५ च्या सुमारास ते तेथील सरकारी कलाशाळेत दाखल झाले आणि अवनींद्रनाथ ठाकूर ह्यांचे शिष्य झाले.

ह्याच काळात त्यांचा आपल्या प्रांताशी पहिला संबंध आला, तो अजिंठ्यामुळे. १९०९ ते १९११ ह्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम ह्या इंग्रज चित्रकर्त्रीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला उतरविण्याचे काम हाती घेतले होते. त्या कामावर भगिनी निवेदिता ह्यांच्या आग्रहाने जे तरुण भारतीय चित्रकार गेले, त्यांत नंदलाल होते. गुहांतील अपुऱ्या उजेडात बसून जुन्या रेषांवरून नजर फिरवीत फिरवीत त्यांनी त्या चित्रांचा अभ्यास केला.

अजिंठ्याची एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेण ह्याचा मंत्री वराहदेव ह्याने ते लेणे दान केले, असे त्यात कोरलेले आहे. दात्याचे नाव दीड हजार वर्षे टिकले. परंतु भिंतीवर ज्यांनी ती अलौकिक चित्रे काढली त्यांची नावे आज कोणालाही सांगता येत नाहीत. वराहदेवाने धन दिले नसते तर लेणे झाले नसते, हे खरेच आहे. आणि त्या निनावी हातांनी कुंचला धरला नसता तर लेणे पाहावयास कोणी आले नसते, हेही तितकेच खरे आहे. तरुण नंदलालांनी ज्या गुरूंपासून धडे घेतले ते गुरू असे निनावी होते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील गोष्टींचा उलगडा होतो.

पुढे रवींद्रनाथ ठाकूर ह्यांनी त्यांना शांतिनिकेतनास बोलाविले. तेथील कलाभवनाची धुरा त्यांनी १९२० नंतरच्या वर्षांत हाती घेतली आणि १९५१ पर्यंत ती वाहिली.

फैजपूरचे बोलावणे

काँग्रेसची अधिवेशने तोपर्यंत शहरांतूनच भरत असत. मोठा मंडप, शहरी थाट, शहरी वक्ते. खेड्यातला माणूस आलाच तर पाहुण्यासारखा एका कडेला उभा राही. देशाची बहुसंख्य जनता खेड्यात आणि तिची सभा मात्र शहरात, ही विसंगती गांधीजींना सलत होती. तेव्हा अधिवेशन खेड्यातच भरवावयाचे असे ठरले आणि पूर्व खानदेशातील फैजपूर गाव निवडले गेले. ग्रामीण भागातील काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन होय. ते डिसेंबर १९३६ च्या अखेरीस भरले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते.

परंतु खेड्यात अधिवेशन भरविणे म्हणजे शहरातून तंबू, कनाती व झुंबरे आणून चार दिवस खेड्याचे शहर करणे असे गांधीजींना नको होते. खेड्यात जे मिळते त्यातूनच, खेड्यातल्या हातांनीच नगर उभे राहावे आणि ते सुंदरही दिसावे, अशी त्यांची कल्पना होती. त्याच वर्षीच्या लखनौ अधिवेशनात नंदलालांनी भारतीय कलेचे प्रदर्शन मांडले होते. त्यामुळे गांधीजींनी ह्या कामीही त्यांनाच बोलाविले. नंदलाल प्रथम कचरले. आपण चित्रकार; इमारती बांधणे हे आपले शास्त्र नव्हे, असे त्यांना वाटले. परंतु गांधीजींना नेमका असाच माणूस हवा होता. त्यांचा आग्रह मोडवेना, आणि वयाच्या चौपन्नाव्या वर्षी हा नामांकित चित्रकार कुंचला बाजूस ठेवून बांबू, चटया आणि गवत ह्यांच्या हिशेबास लागला.

‘टिळकनगर’ असे नाव दिलेले हे नगर त्यांनी आणि वास्तुशिल्पी म्हात्रे ह्यांनी मिळून उभे केले. बांबू, लाकूड, तट्टे, गवत, दोर असा जो माल खेडुताच्या नित्याच्या ओळखीचा, त्याच्याच कमानी, त्याचेच मंडप, त्याच्याच राहुट्या. सावदा स्टेशनपासून अध्यक्षांची मिरवणूक निघाली तीही मोटारीतून निघाली नाही. नंदलालांनी सजविलेल्या रथास बैलांच्या सहा जोड्या जुंपल्या होत्या. पोळ्याला बैल सजविणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला त्या रथाचे सौंदर्य कोणी समजावून सांगावे लागले नसेल.

प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी गांधीजींनी ह्या रचनेचे श्रेय उघडपणे म्हात्रे आणि नंदबाबू ह्यांस दिले. आपल्याला देवाने कलेची जाण दिली, पण ती साकार करण्याची शक्ती दिली नाही. नंदबाबूंना मात्र दोन्ही दिल्या, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले.

ह्याच फैजपुरास आणखी एक सेवक राबत होते. ते म्हणजे साने गुरुजी. अधिवेशन यशस्वी व्हावे म्हणून त्यांनी गावोगाव प्रचार तर केलाच, पण मैला वाहण्याचे व सफाईचे कामही स्वतःच्या हातांनी केले. एकीकडे चित्रकार बांबूची कमान बांधतो आहे, दुसरीकडे शिक्षक-लेखक खराटा हाती धरतो आहे. दोघांचाही धंदा तो नव्हता. दोघांनाही त्यात कमीपणा वाटला नाही.

तापीकाठी पुन्हा एकदा

फैजपुरास जी कल्पना रुजली ती पुढे सव्वा वर्षाने अधिक फुलली. फैजपूरच्या दक्षिणेकडून वाहत जाणारी तापी पुढे गुजरातेत सुरत जिल्ह्यातून वाहते. तिच्याच काठी हरिपुरा नावाचे खेडे आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये तेथे काँग्रेसचे पुढचे अधिवेशन भरले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते, आणि विठ्ठलभाई पटेलांच्या स्मरणार्थ त्या नगराचे नाव ‘विठ्ठलनगर’ ठेविले होते. सजावटीचे काम पुन्हा नंदलालांकडे आले.

ह्या वेळी त्यांनी बांबूच्या द्वारांबरोबर चित्रेही देण्याचे ठरविले. पण ती कोठे मांडावयाची? गांधीजींची इच्छा अशी की, चित्रे पाहण्यासाठी खेडुताला वेगळ्या दालनात जावे लागू नये. तो वाटेने जात असताच त्याला ती दिसावीत. म्हणून ही चित्रे नगराच्या प्रवेशद्वारांवर, मंडपांवर, उघड्यावर लावली गेली. ना तिकीट, ना पहारा. बैलगाडीतून उतरलेल्या बाईने डोक्यावरचे गाठोडे न उतरविता मान वर करून पाहावे, इतकी ती सहज होती.

काम थोडेथोडके नव्हते. नंदलालांनी स्वतः ऐंशीहून अधिक चित्रे काढली. त्यांचे कलाभवनातील सहकारी व शिष्य ह्यांनी त्यांवरून नकला केल्या आणि सर्व मिळून सुमारे ४०० चित्रे तयार झाली. हातकागद पुठ्ठ्यावर ताणून लावावयाचा आणि त्यावर मातीच्या रंगांनी रंगवावयाचे, अशी पद्धत होती. प्रत्येक चित्र साधारण दोन फूट उंचीचे. रेषा ठसठशीत, रंग सपाट व भरदार, बारीक नक्षीकाम नाही. बंगालमध्ये ‘पटुआ’ नावाचे लोक पट रंगवून गावोगाव दाखवीत फिरतात. आपल्याकडच्या चित्रकथी मंडळींची त्यावरून आठवण व्हावी. त्या पटांची झपाट्याची, धीट रेषा नंदलालांनी ह्या कामासाठी स्वीकारली. अशा रेषेचा दुहेरी उपयोग झाला. लांबून जाणाऱ्यालाही चित्र ओळखू येई, आणि शिष्यालाही ते पाहून दुसरे करता येई.

जाणत्यांच्या जगात मूळ चित्राचेच मोल असते. नक्कल म्हटली की तिची किंमत उतरते. चित्रकार आपली सही जपतो, आपली प्रत एकमेव राहावी म्हणून झटतो. नंदलालांनी येथे ती रीतच बाजूस सारली. हजारो लोकांना चित्रे पाहावयास मिळावयाची तर ऐंशी पुरणार नाहीत, चारशे लागतील. आणि चारशे व्हावयाची तर शिष्याचा हात गुरूच्या हाताइतकाच कामाचा आहे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पंगतीत वाढणारे दहा जण असतात. भाजी कोणी वाढली हे जेवणारा विचारीत नाही. त्यातलाच हा प्रकार.

कमानीखालचा माणूस

त्या चित्रांत काय होते, हा खरा महत्त्वाचा भाग आहे. राजकीय पक्षाचे अधिवेशन म्हटल्यावर पुढाऱ्यांच्या तसबिरी, मोर्चे, घोषणा असे काही असेल, असे कोणासही वाटावे. ह्या चित्रांत त्यातले काही नाही. ढोल वाजविणारा, तुतारी फुंकणारा, एकतारीवर गाणारा, नांगर धरणारा शेतकरी, सुतार, कुंभार, शिंपी, चांभार, कापूस पिंजणारा, कुस्ती खेळणारा मल्ल, धान्य कांडणाऱ्या बाया, लेकराला कुशीत घेतलेली आई आणि डौलदार बैल, अशी ती चित्रे आहेत. चित्रे काढण्यापूर्वी नंदलालांनी तेथील ग्रामस्थांची रेखाटने केली होती. म्हणजे जो पाहावयास येणार तोच चित्रात होता.

अनेक चित्रांत एक विशेष दिसतो. माणसाच्या भोवती महिरपी कमान काढलेली आहे. आपल्या डोळ्यांना महिरप कोठे पाहण्याची सवय आहे? देव्हाऱ्यात, गाभाऱ्याच्या चौकटीवर, किंवा राजाच्या गादीमागे. त्या मानाच्या जागी नंदलालांनी चामड्यावर वाकलेला चांभार बसविला, सुई चालविणारा शिंपी बसविला. त्यावर त्यांनी भाषण दिले नाही, फक्त कमान काढली. गावकुसाबाहेर राहणाऱ्या कष्टकऱ्याने आपल्यासारखाच मनुष्य त्या महिरपीत पाहिला असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल, ह्याचा वाचकांनीच विचार करावा.

१९३८ साल कोणते होते, हेही विसरता कामा नये. देशातील असंख्य देवळांचे दरवाजे तेव्हा ह्या कष्टकऱ्यांपैकी अनेकांना बंद होते. फैजपुरास खराटा हाती धरणाऱ्या साने गुरुजींना पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा कोठे ते दार उघडले. चित्रातल्या महिरपीत ज्याला जागा मिळाली, त्याला प्रत्यक्ष महिरपीसमोर उभे राहावयास आणखी नऊ वर्षे लागली. कलेने दार उघडत नाही, हे खरे. पण ते उघडावयास हवे, असे पाहणाऱ्याच्या मनात आणण्याचे काम कला करू शकते.

घराघरांत जाणारी कला

फैजपूर व हरिपुरा हे नंदलालांच्या आयुष्यातील केवळ दोन प्रसंग नव्हेत. त्यांची सर्व वृत्तीच तशी होती. १९३० मध्ये रवींद्रनाथांचे ‘सहज पाठ’ हे बंगाली मुलांचे बाळबोध पुस्तक निघाले. त्यातील चित्रे नंदलालांची आहेत. ती पाहत पाहत बंगालच्या कित्येक पिढ्या अक्षरे शिकल्या. त्याच वर्षी गांधीजींची दांडीयात्रा झाली, तेव्हा काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींची त्यांनी काढलेली प्रतिमा लिनोलियमवर कोरून छापलेली होती. असा ठसा एकदा कोरला की त्याच्या पुष्कळ प्रती थोडक्या खर्चात निघतात. खिशात कोरी कार्डे बाळगून दिसेल ते रेखाटावे आणि शिष्यांना, स्नेह्यांना पत्र म्हणून चित्रच धाडावे, हीही त्यांची सवय होती. शांतिनिकेतनातील उत्सवांत जमिनीवर ‘अल्पना’ म्हणजे रांगोळी काढण्याची कला त्यांनी अभ्यासाचा विषय केली. दुसऱ्या दिवशी पावलांनी पुसली जाणारी ही कला. पण तिला त्यांनी कागदावरील चित्राच्या बरोबरीने मान दिला.

त्यांच्या लेखनातील एक विचार तर आपण सर्वांनी घरात लावून ठेवावा असा आहे. गरीब संथाळाची मातीची झोपडी नीटनेटकी, सारवलेली व देखणी असते, तर शिकलेल्या श्रीमंताच्या मोठ्या घरात महाग वस्तूंची अडगळ असते. तेव्हा सौंदर्य हे पैशावर अवलंबून नाही, असे ते सांगत. मनाला आनंद देणारी ती चारुकला आणि रोजच्या वापरातील वस्तू घडवून पोट भरणारी ती कारुकला. ह्यातली दुसरी बुडाली की देशाचे दारिद्र्य वाढते, असेही त्यांचे म्हणणे होते. कुंभार, विणकर, बुरूड ह्यांचे धंदे आपल्या डोळ्यांदेखत बसले, त्या आपणांस हे वेगळे सांगावयास नको.

राजेरजवाड्यांचे काम त्यांनी केले नाही असे नाही. बडोद्याच्या गायकवाड घराण्याच्या कीर्तिमंदिरातील भित्तिचित्रे त्यांचीच आहेत. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेची हस्तलिखित प्रत सजविण्याचे काम १९४९-५० च्या सुमारास झाले, तेही त्यांनी आपल्या शिष्यांना बरोबर घेऊन केले. त्या पानांत आपल्या शिवछत्रपतींचेही चित्र आहे. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

काय उरले?

टिळकनगर व विठ्ठलनगर अधिवेशन संपताच मोडले गेले. ती मोडावयाचीच होती. फैजपूरच्या बांबूंचे पुढे काय झाले ह्याची नोंद कोणी ठेवली नाही. हरिपुऱ्याच्या चित्रांची गोष्ट मात्र निराळी झाली. चार दिवस उन्हावाऱ्यात टिकली तरी पुरे, अशा हिशेबाने पुठ्ठ्यावर केलेली ही चित्रे आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. २०१९ साली इटलीतील व्हेनिस येथील जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात भारताच्या दालनात ती मांडली गेली. भारत सरकारने नंदलालांच्या कृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिलेला आहे. त्या परदेशी विकून नेता येत नाहीत. ज्यांना तिकीट नव्हते, चौकट नव्हती, काच नव्हती, ती चित्रे देशाचा ठेवा ठरली. टिकावे म्हणून जे केले नव्हते ते टिकले, कारण ते कोणाच्या तरी उपयोगी पडावे म्हणून मनापासून केलेले होते.

आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धारास ज्यांनी यथाशक्ती द्रव्य दिले त्यांची नावे ह्या स्मरणिकेत येतील, आणि ती यावीतच. वराहदेवाचे नाव लेण्यात आहे त्यात गैर काहीच नाही. परंतु ज्यांनी दगड वाहिले, चुना मळला, ज्यांनी खांबावरची वेलबुट्टी दोनदा पुसून तिसऱ्यांदा मनासारखी केली, त्यांची नावे पुष्कळदा कोठेच येत नाहीत. देवळात जाताना क्षणभर मान वर करून ते काम पाहावे आणि ज्या हातांनी ते केले त्यांना मनोमन नमस्कार करावा, एवढीच विनंती. आणि कधी फैजपुरास जाण्याचा योग आला तर त्या गावच्या मातीला हात लावून यावे. तेथे एका थोर चित्रकाराने चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी बांबूचे नगर बांधले होते.

लिहिण्यात काही उणे राहिले असल्यास ग्रामस्थांनी मोठ्या मनाने क्षमा करावी.